डबी बहिरी होईपर्यंत

वरच्या मजल्यावरच्या वहिनींना मी ओळखत होतो असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. इतकी वर्षं एकाच जिन्याने चढलो-उतरलो, पण त्यांना काय आवडायचं, कशाची भीती वाटायची, यातलं मला काही सांगता यायचं नाही. माझा जन्म छापखान्यात दुसऱ्यांचं लिहिलेलं जुळवण्यात गेला. स्वतः लिहायची सवय नाही. पण एकदा काही तास मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो, आणि त्या कशा होत्या ते मला तेव्हा थोडंफार दिसलं. तेवढंच मांडतो.

वहिनी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींच्या खिडकीमागे बसून निवृत्त झाल्या. त्यांचे यजमान फळबाजारात लिलाव पुकारायचे. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. दादांचा आवाज असा, की त्यांनी जिन्यात एकाला हाक मारली तर चार दारं उघडायची. मग त्यांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. शब्द फुगून, घसरत यायचे, पण कान दिला तर सगळं कळायचं.

त्यांच्या लेकीने घरात ते स्मार्ट होम बसवून दिलं. पंखा, दिवे, दाराचं कुलूप, सगळं एका पांढऱ्या चपट्या यंत्राला जोडलेलं. हब म्हणतात त्याला. वहिनी त्याला डबी म्हणायच्या. दादांनी खुर्चीतून ‘दिवा लाव’ म्हटलं की डबी दिवा लावायची, ‘दार उघड’ म्हटलं की कुलूप निघायचं. त्यामुळे वहिनींना दुपारी बाहेर पडता यायला लागलं. औषधं, भाजी, आणि खरं सांगायचं तर थोडी मोकळी हवा. दादाही खुशीत असत. बेल वाजली की आतून आरोळी यायची आणि दार उघडायचं. घरचा मालक आपण आहोत हे त्या कुलपाच्या आवाजात त्यांना ऐकू येत असावं.

काही महिन्यांनी डबी दादांचं ऐकेनाशी झाली. वहिनी परत येत तेव्हा दादा काळोखात, घामाघूम बसलेले असत. वहिनी कंपनीला फोन लावत. तिकडून सांगत, बटण बंद करून पुन्हा चालू करा. त्या तसं करत आणि म्हणत, ‘दिवा लाव.’ दिवा लागायचा.

‘‘माझं तर ऐकतेय,’’ त्या म्हणायच्या.

‘‘तुझंच ऐकते,’’ दादा म्हणायचे.

असं बरेच दिवस चाललं. राउटर हलवून झाला, डबी या फळीवरून त्या फळीवर गेली, सगळं पुसून नव्याने जोडून झालं. शेवटी एका फोनवर तिकडच्या मुलीने विचारलं, ‘‘मॅडम, वापरणाऱ्या व्यक्तीचे उच्चार स्पष्ट आहेत का?’’

फोनचा स्पीकर चालू होता. दादा समोरच बसले होते.

त्या दिवसापासून दादा बोलायचे थांबले. डबीशी तर नाहीच, पण वहिनींशीही नाही. पाणी हवं असेल तर पेल्याकडे बोट. लेकीचा फोन आला तर मान हलवायची, जणू तिला ती दिसणार आहे. त्यांनी मनाशी पक्कं धरलं की आपली वाचा हळूहळू जातेय आणि घरातली माणसं ते लपवतायत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलायचं सोडलंत तर खरंच जाईल. दादांनी त्यावरही मानच हलवली.

मला हे कळलं ते वहिनी डबी घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा.

‘‘भावोजी, तुमच्या मुलानेही असलंच काहीतरी पाठवलंय ना? कपाटात पडलंय ते?’’

पडलं होतं. मला त्याचा धाक वाटायचा.

‘‘तुमच्या इंटरनेटच्या जोडणीवर ही आमची डबी एक दिवस ठेवून बघा. बंद-चालू काही करायचं नाही. नुसतं अधूनमधून बोलायचं तिच्याशी.’’

त्यांनीच जोडणी करून दिली, दिवा जोडून दिला आणि गेल्या. रिकाम्या खोलीत मोठ्याने बोलायला मला लाज वाटत होती, तरी बोललो. सुरुवातीला तिने मुकाट्याने ऐकलं. मग जेवण करून आलो तर ढिम्म. हात लावून बघितला, तर डबी तव्यासारखी तापलेली. बटण बंद केलं, तिला निवू दिलं, चालू केलं. पुन्हा शहाण्यासारखी ऐकायला लागली.

वर जाऊन मी सांगितलं, ‘‘वहिनी, तापली की ती बहिरी होते. तुम्ही दर वेळी बंद करून चालू करायचात, आणि मग बोलायचात. म्हणून तुमचं ऐकायची. माझंही ऐकलं नाही तिने.’’

दादांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघायला लागलो.

‘‘तुमचं सोडा, भावोजी,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘तुमचं बोलणं तुमच्या सदऱ्यालाही ऐकू जात नाही. तुमची साक्ष काय कामाची? आणि माझी तर त्याहून नाही. मला संशय होताच, म्हणून काल मी यांच्यासमोर तापलेल्या डबीला हाका मारल्या, तर यांना वाटलं मी नाटक करतेय.’’

मी म्हटलं, माझी नवीकोरी आहे, ती घेऊन टाका. खरंच मनापासून म्हटलं.

‘‘ती चालेल हो. पण यांना वाटेल, चांगलं यंत्र म्हणून कसंबसं समजून घेतंय. नको. ज्यांनी यांच्या उच्चारांवर ढकललं, त्यांच्याच तोंडून ऐकवायचंय. उद्या येता का? खुर्ची ढकलायला माणूस हवाय.’’

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात गेलो तर काचेचं दार, थंडगार हवा, स्टीलच्या खुर्च्यांची रांग. काउंटरमागे गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तंत्रज्ञ होता. पाठीमागच्या कपाटात नव्या डब्यांची चळत. त्याने आमची डबी जोडली, शेजारी नमुन्याचा दिवा होता, आणि म्हणाला, ‘‘दिवा लाव.’’

दिवा लागला.

‘‘चालतेय की, बाई,’’ तो म्हणाला आणि डबीलाच सांगून दिवा विझवला.

‘‘चालतेय ना? मग चालू राहू द्या. आम्ही बसतो.’’

‘‘कशासाठी?’’

‘‘ती बहिरी होईपर्यंत.’’

‘‘अहो, मला रांगेतली कामं आहेत.’’

‘‘करा ना. आम्ही काही आडवे बसलो नाही, कडेला बसलोय. तुमच्या कामाचं एक मिनिट घ्यायचं नाही मला.’’

त्याने खांदे उडवले. वहिनींनी पिशवीतून चहाचा थर्मास काढला, दादांच्या हातात कप धरून दिला, एक मला दिला. लोक येत होते, जात होते. डबी काउंटरच्या टोकाला बसलेली. दादा भिंतीकडे बघत होते. त्यांना इथे यायचंच नव्हतं.

‘‘माझ्या खिडकीसमोर लोक यायचे,’’ वहिनी मला हळूच म्हणाल्या. ‘‘जे ओरडायचे त्यांना मी बिनधास्त उद्या या म्हणायचे. पण काही नुसते बसून राहायचे. समोरच्या बाकावर, एक अक्षर न बोलता. त्यांचा मला इतका राग यायचा. आणि संध्याकाळपर्यंत काम त्यांचंच व्हायचं.’’

‘‘का?’’

‘‘घरी जाताना त्यांच्या समोरून जावं लागायचं ना.’’

तंत्रज्ञ जेवायला गेला, परत आला. आम्ही तिथेच. आता तो येता-जाता आमच्याकडे बघत होता. मग वहिनी उठल्या, डबीच्या जवळ तळवा नेऊन बघितला आणि म्हणाल्या, ‘‘आता एकदा बोला तिच्याशी. तुम्हीच बोला. मी लांब उभी राहते.’’

‘‘दिवा लाव,’’ तो म्हणाला.

काही नाही.

‘‘दिवा लाव.’’ जरा मोठ्याने. रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या. तो वाकला, डबीला तोंड लावून एकेक अक्षर सुटं करत म्हणाला, ‘‘दि-वा. ला-व.’’

दिवा तसाच विझलेला. आणि चाकाच्या खुर्चीतून, बऱ्याच दिवसांनी, तो जड आवाज आला.

‘‘उच्चार... स्पष्ट करा.’’

शब्द घसरत आले, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत कळले. आधी रांगेतल्या एका आजी हसल्या, मग सगळेच. तंत्रज्ञही हसला, बिचारा. त्याने डबीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

‘‘तापतेय हो. आतला भाग बिघडलाय. मी मागणी टाकतो, दुसरी आठवड्याभरात घरपोच येईल.’’

‘‘आणि त्या मागच्या कोणाच्या?’’ वहिनींनी चळतीकडे बोट केलं.

‘‘त्या द्यायला साहेबांची परवानगी लागते.’’

‘‘साहेब आहेत?’’

‘‘आत आहेत. मीटिंगमध्ये.’’

‘‘बसतो मग आम्ही,’’ असं म्हणून वहिनी खरोखरच पुन्हा खाली बसल्या आणि थर्मासचं झाकण फिरवायला लागल्या.

तंत्रज्ञाने एकदा थर्मासकडे पाहिलं आणि आत गेला. तो लगेच परत आला आणि चळतीतली एक डबी काढून काउंटरवर ठेवली. मला वाटलं, झालं, निघायचं. मी खुर्ची वळवायला लागलो.

‘‘थांबा, भावोजी. तुमच्या संगणकात आमच्या तक्रारीपुढे काय लिहिलंय?’’ त्यांनी तंत्रज्ञाला विचारलं.

त्याने बघितलं, जरा अडखळला. ‘‘वापरकर्त्याचा आवाज अस्पष्ट.’’

‘‘ते खोडा. आणि खरं काय ते लिहून यांना वाचून दाखवा. मला नको, यांना.’’

त्याने टाइप केलं. मग काउंटरला वळसा घालून बाहेर आला, दादांच्या खुर्चीपुढे उभा राहिला. ‘‘काका, दोष यंत्रात होता. तुमच्या बोलण्यात नव्हता.’’

‘‘माहीत... होतं,’’ दादा म्हणाले. थाप होती ती. वहिनींनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, फक्त त्यांच्या गुडघ्यावरची शाल सारखी केली. परतीच्या वाटेवर दादांनी मला खुर्ची कशी ढकलावी, कुठे चुकतोय, हे घरापर्यंत सांगितलं.

त्यानंतर दोन वर्षांनी वहिनी झोपेतच गेल्या. आदल्या संध्याकाळी त्या मला जिन्यात भेटल्या होत्या, कठड्याला टेकून दम खात. वरून दादांचा आवाज येत होता, चांगला तापलेला.

‘‘काय झालं?’’ मी विचारलं.

‘‘डबीशी भांडण. पंखा हळू कर म्हटलं की ती बंदच करते.’’

‘‘बदलून आणायची का?’’

‘‘नको, भांडू दे. खाली निघालात ना? येताना लिंबं आणा थोडी. गेल्या वेळची सगळी सुकी निघाली.’’

‘‘आणतो,’’ मी म्हणालो.