टीव्हीतली वाटणी

मुलुंडच्या चंद्रप्रकाश घाडींनी गावाकडच्या भावकीत कित्येक वाटण्या लावून दिल्या होत्या, आणि त्यातली एकही कोर्टात गेली नव्हती. माड, कलमं, पितळेची भांडी, एकदा तर अर्धी पडवी. त्यामुळे स्वतःच्या मुलानं, नितेशनं, अंधेरीला वेगळं बिऱ्हाड करायचं ठरवलं तेव्हा ते समजूतदारपणे म्हणाले, "ऑफिस जवळ पडेल, चांगलंच आहे." नात गंधालीही जाणार हे त्यांच्या ध्यानात नंतर आलं.

सामान गेलं, महिना गेला. एका रविवारी नितेश, सून रुचिरा आणि गंधाली जेवायला आली. जेवण झाल्यावर नितेश म्हणाला, "बाबा, टीव्हीवरचं आपलं आता वेगळं करून घेऊया. आई इथे नाटक लावते आणि तिकडे गंधालीचं कार्टून बंद पडतं."

इतकी वर्षं घरानं विकत घेतलेले सिनेमे, नाटकं, दशावतार आणि गंधालीच्या हत्तीची कार्टून्स, सगळं एकाच खात्यावर होतं. खातं चंद्रप्रकाशांच्या मोबाइल नंबरावर, कारण त्या काळात नितेश सारखा नंबर बदलायचा.

'वेगळं' हा शब्द ऐकून चंद्रप्रकाश ताठ बसले. "होऊ दे. पण रीतसर."

मोठ्यानं वाटे घालायचे, धाकट्यानं आधी उचलायचा, ही रीत. बायकोला, सुलक्षणाबाईंना, रिमोट धरून बसवलं. लढाईचे सिनेमे एका वाट्यात, रडके दुसऱ्यात. एखादा फारच रडका निघाला तर तोलायला दोन विनोदी. रुचिरा दोनदा काही सांगायला गेली. वाटणीत सुनांनी मध्ये बोलायचं नसतं, अशी एक रीत चंद्रप्रकाशांनी तिथल्या तिथे काढली. सुलक्षणाबाईंनी डोळे वटारल्यावर ती परतही घेतली.

सगळ्यात धाकटी गंधाली. "उचल बाय, तुला कुठला वाटा हवा?"

"आजोबांचा."

"अगं, ह्यातला कुठला?"

"आजोबांचा," ती पुन्हा म्हणाली. चंद्रप्रकाशांना एकाएकी खोकला आला.

ती संधी साधून रुचिरा म्हणाली, "बाबा, हे वाटताच येत नाही. ज्या खात्यावर घेतलं, त्याच खात्यावर राहतं. नितेश तिथे स्वतःचा नंबर टाकेल आणि दोन्ही घरी एकदम चालेल असं करून देईल. तुम्हाला काही म्हणजे काही करावं लागणार नाही."

काही करावं लागणार नाही, हेच त्यांना झोंबलं. निवाडा ते नेहमी मालवणीतच देत.

"नंबर माझोच रवांदे. बावीचे वाटे घालतत काय? बाव सामाईक. पाणी व्हया तर इचारूचा."

"म्हणजे विहिरीच्या पाण्यासारखा दर वेळी ओटीपी तुम्हाला विचारायचा?" नितेश म्हणाला. "बाबा, आमच्या टीव्हीवर एकदा 'लक्षात ठेवा'चं बटण दाबलं ना, की तो पुन्हा ओटीपी मागणारच नाही."

"दाबू नको."

"वाट लागली," नितेश म्हणाला.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी अंधेरीहून गंधालीचा फोन येऊ लागला. ओटीपी चंद्रप्रकाशांच्या मोबाइलवर येई आणि ते तो अडवून धरत. आधी जेवण काय झालं, बाई काय म्हणाल्या, दात पडला का. मग आकडे, एकेक करून. तोवर त्याची मुदत संपे आणि दुसरा मागवावा लागे. चंद्रप्रकाशांची त्याला काही हरकत नव्हती. फोनच्या वेळेला ते खाली सोसायटीत जायचेसुद्धा बंद झाले. सुलक्षणाबाई म्हणायच्या, सरळ सांगा की करमत नाही. ते म्हणायचे, खात्याची जबाबदारी आहे.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी फोन आला. "आजोबा, ओटीपी?"

चंद्रप्रकाशांनी मेसेज उघडले. काहीच आलं नव्हतं. शेवटचा होता तो कालचा. आणि पलीकडे हत्तीचं गाणं चांगलं मोठ्यानं चालू होतं. नितेशनं बटण दाबलं होतं तर. खरं म्हणजे त्यांना राग यायला हवा होता.

"जेवलंस काय गो?"

"वरणभात. ओटीपी सांगा ना."

त्यांनी मनाला येतील ते आकडे सांगायला सुरुवात केली, मध्ये मध्ये थांबत, मोबाइलमध्ये बघितल्यासारखं करत. शेवटचा आकडा त्यांनी जरा लांबवलाच.

"लागला," गंधाली म्हणाली, आणि फोन न ठेवता शाळेतलं सांगू लागली.