न हलणाऱ्या काकांचं वळवळणारं जहाज

काकांनी बनवलेली कुठलीही वस्तू हलत नसे. हीच त्यांची कीर्ती, आणि हेच गल्लीचं दुखणं. त्यांनी बसवलेलं दार उघडायला एक खांदा लागायचा आणि लावायला दोन. त्यांच्या टेबलाचा खण एकदा बंद झाला की आतल्या वस्तूंना मनातल्या मनात निरोप द्यायचा. कोपऱ्यावरच्या शिंप्याची चांगली कात्री अशाच एका खणात चार वर्षं अडकून पडली होती. शिंपी अधूनमधून टेबल हलवून ती वाजते का बघायचा. पण वाजायला टेबल तर हललं पाहिजे!

सुतारकामात काकांना तीस वर्षं झाली होती. वस्तू पुरी झाली की ते तिच्यावर दोन्ही तळवे टेकायचे, डोळे मिटायचे आणि सगळं अंग टाकून तिला ढकलायचे. ती जागची हलली नाही की त्यांच्या नाकातून आवाज यायचा, "म्हं." पूर्ण शब्द यायला तोंड रिकामं कुठे असायचं? तोंडात कायम सहा-सात खिळे. त्यामुळे होकार म्हणजे "म्हं", नकार म्हणजे "म्हंहं", आणि रागावले तर खिळे एकमेकांवर वाजायचे.

काकूंचं उलटं. त्या समोरच्याच्या वाटचंही बोलायच्या. "चहा घेणार? घेणार. साखर कमी? कमीच. दमलात? दमणारच." त्यामुळे संसार सुरळीत चालला होता.

वरच्या मजल्यावर काकांचा भाऊ राहायचा. त्याची मुलगी टिल्ली. आता ती काकांपेक्षा वीतभर उंच झाली होती, पण नाव पडलं ते पडलं. तिच्या जन्माच्या वेळी काकांनी हौसेने पाळणा केला होता. तो हलत नव्हता. "पाळणा हलतो म्हणजे जोड कच्चा," असं त्यांनी खिळे काढून स्पष्ट सांगितलं. मग टिल्लीच्या आईने सहा महिने स्वतःच पाळण्यापुढे झुलून लेकीला झोपवलं.

असल्या माणसाकडे टिल्ली जहाज मागायला आली.

"काका, इतिहासाचा दुसरा प्रकल्प आहे. शेवटचा."

काकांनी मान खाली घातली. पहिल्या प्रकल्पाचा पिरॅमिड त्यांनीच केला होता. झाकण उघडून आतला राजा दाखवायचा, असं ठरलं होतं. झाकण उघडलं नाही. शिपाई आला, खेळाचे सर आले, पिरॅमिड जिन्यावरून एकदा पडलासुद्धा. जिन्याचा टवका उडाला. इतिहासाच्या बाई म्हणाल्या होत्या, "राजा दिसलाच नाही, तर तो आत आहे हे मी कशावरून मानायचं, बरं का?" दहापैकी शून्य. दोन्ही प्रकल्प मिळून सात गुण हवेत. म्हणजे आता सातच्या सात ह्याच जहाजातून यायला हवे होते, नाहीतर पुन्हा तोच वर्ग, तेच बाक आणि त्याच बाई, बरं का.

"ऐक," टिल्ली भुशात फतकल मारून बसली. "एक महाकाव्य आहे. त्यातल्या वीराचं जहाज जिवंत असतं. लाट आली की सापासारखं वळवळतं. सगळे म्हणतात, कवीने थाप मारली. पण व्हायकिंगांची जहाजं खरंच लवायची! पातळ फळ्या, कौलांसारखी एकीवर एक चढवलेली, लोखंडी खिळ्यांनी जोडलेली. तसंच जहाज पुन्हा बांधून लोकांनी समुद्रात नेलं, तर ते लाटेबरोबर पिळवटायचं. म्हणजे दंतकथेतला साप खरा निघाला. मला ते शाळेच्या प्रदर्शनात बाईंना दाखवायचंय. टबमध्ये."

काकांनी एकेक करून सातही खिळे तोंडातून काढले. असं ते फक्त लग्नात आणि डॉक्टरकडे करत.

"हललं पाहिजे?"

"हललं पाहिजे."

"मी बनवलेलं?"

"तू बनवलेलं."

"आणि लोकांसमोर?"

"काका, माझं वर्ष जाईल."

काकांनी रंध्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "म्हं." खिळे नसतानाही.

पुढचे पंधरा दिवस टिल्ली शाळेतून थेट दुकानात यायची आणि पहारा द्यायची. काका पातळ फळी तासायचे, टिल्ली मोजायची. काकांचा हात गोंदाच्या बाटलीकडे सरकला की ती नुसती खाकरायची. शेवटी हातभर लांबीचं जहाज तयार झालं. टबात सोडलं, पाणी ढवळलं, आणि ते काय वळवळलं! काकू दारातून ओरडल्या, "जिवंत आहे? जिवंतच आहे!" काकांनी मात्र तोंड फिरवलं. त्यांच्या डोळ्यांसमोर तीस वर्षांची कपाटं उभी राहिली होती.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी टिल्ली आंघोळीला गेली आणि काका जहाजापाशी एकटे उरले. नुसतं उचलून रिक्षात ठेवायचं होतं. पण सवय ती सवय. त्यांनी दोन्ही तळवे टेकले, डोळे मिटले, ढकललं.

हललं.

काकांच्या अंगावर काटा आला. गोंदाचा एकच थेंब, त्यांनी स्वतःला समजावलं. फक्त शेपटीकडे. मग शेपटी घट्ट आणि डोकं ढिलं, हे काही बरं दिसेना. मग डोक्याला एक थेंब. मग पोटात पाचर. मग पाचरीला आधार म्हणून आडवी पट्टी, आणि पट्टीला वाईट वाटू नये म्हणून चार स्क्रू. पुन्हा ढकललं. जहाज हललं नाही, पण टेबल हललं. "म्हं," काका म्हणाले, आणि त्यांना कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास आला.

तो श्वास रिक्षात अडकला. टिल्ली शेजारी बसून भाषण पाठ करत होती, "आणि आता बघा, हे जहाज सापासारखं..." काकांनी खिशातून खिळे काढून तोंडात कोंबले.

शाळेच्या सभागृहात टेबलं मांडली होती. आख्खी गल्ली आली होती, शिंपीही. टिल्लीने जहाज टबात सोडलं, पाणी ढवळलं. जहाज पाटासारखं तरंगत राहिलं.

"काका."

"म्हं?"

"खिळे काढ आणि बोल."

काकांनी खिळे काढले. "एक थेंब लावला होता."

"किती?"

"...बाटली."

बाई दोन टेबलं सोडून उभ्या होत्या. टिल्लीचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. ती रडली असती तर काकांना सोसलं असतं. पण ती हळूच म्हणाली, "आता काय. पुन्हा तेच बाक." आणि तो पाळणा, तो पिरॅमिड, तो खण, सगळं एकदम काकांच्या छातीवर येऊन बसलं. त्यांनी जहाज बगलेत मारलं, पिशवीतली पटाशी काढली आणि टेबलाखाली शिरले.

"बाईंना अडव," खालून आवाज आला.

काकू आधीच निघाल्या होत्या. "बाई, दमलात? दमलात. बसणार? बसा. पाणी? प्याच." बाई पाण्याचा पेला हातात धरून खुर्चीत बसल्या. त्यांना वाटलं, हे आपणच ठरवलं.

टिल्लीने काकूंनी शिवलेलं शिंगांचं शिरस्त्राण डोक्यावर चढवलं. "बाई, ही दंतकथा." उपटून शिंगं काढली. "हा इतिहास. व्हायकिंगांच्या शिरस्त्राणांना शिंगं नव्हती."

"पुन्हा दाखव, बरं का?"

टिल्लीने शिंगं लावली. काढली. लावली. काढली. टेबलाखालून ठकठक येत होती.

"हा आवाज कसला, बरं का?"

"जहाजबांधणी, बाई."

सातव्यांदा शिंगं निघाली तेव्हा टेबलक्लॉथखालून एक हात वर आला आणि जहाज पाण्यात सोडून गेला. त्याच्या पोटातून पाचर गेली होती, स्क्रू गेले होते, आणि खरं सांगायचं तर थोडं पोटही गेलं होतं. टिल्लीने वहीच्या पुठ्ठ्याने लाट मारली.

जहाज शहारलं. मान एकीकडे, शेपटी दुसरीकडे, मधल्या फळ्या एकमेकींवरून सरकल्या, आणि ते असं काही वळवळलं की पुढच्या रांगेतल्या दोन आज्या मागच्या रांगेत गेल्या.

"अगं बाई!" बाई म्हणाल्या. 'बरं का' विसरल्या.

मग जहाज बुडायला लागलं.

"बुडतंय, बरं का!"

"बाई, खरी पण गळायची!" टिल्लीने श्वासही घेतला नाही. "फटींत लोकर आणि डांबर भरायचे, तरी पाणी उपसायला माणूस लागायचाच. तुमच्या हातात पेला आहे!"

बाईंनी पेल्याकडे बघितलं, जहाजाकडे बघितलं, आणि चष्मा कपाळावर सारून उपसायला सुरुवात केली. "इकडून येतंय! डावीकडून! अगं लाट मार, थांबतेस काय!" निम्मं पाणी त्यांच्या बुटांत गेलं, निम्मं शिंप्यावर.

जहाज वाचलं. बाईंनी धापा टाकत वही उघडली. "हे बांधलंय कुणी?"

काका टेबलाखालून बाहेर आले, केसांत भुसा. समोर आख्खं गिऱ्हाईक उभं होतं, आणि टबात त्यांचं काम सगळ्यांदेखत लटलटत होतं. 'शिपायाने बांधलं' म्हटलं असतं तर खपलं असतं. काकांनी टिल्लीकडे बघितलं.

"मी," ते म्हणाले. "हलतंय ना? मुद्दाम हलतं. चांगलं काम आहे."

"पिरॅमिडवाले तुम्हीच का, बरं का?"

"म्हं."

दहापैकी आठ मिळाले. दोन बुटांचे कापले. टिल्लीने तिथेच टणाटणा उड्या मारल्या, पण शिंप्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. तो ओल्या सदऱ्याने गर्दीतून वाट काढत काकांपर्यंत आला. "हलणारं येतं तुम्हाला? मग माझा खण?"

दुसऱ्या दिवशी काकांनी खण मोकळा केला. कात्री निघाली, शिवाय जे हरवल्याचं शिंप्यालाही आठवत नव्हतं असं एक मोजपट्टीचं भेंडोळं निघालं. खण आता नुसतं बोट लावलं की सुटायचा आणि थेट शिंप्याच्या मांडीवर येऊन बसायचा. आठवड्यात तीनदा आला, तेव्हा शिंपी तक्रार घेऊन दुकानात उभा राहिला.

काकांनी मान वर केली नाही. त्यांच्या तोंडात सात खिळे होते.

"म्हं," ते म्हणाले. मग सातही खिळे काढले. "व्हायकिंग पद्धत."