अंगणातली मोकळी माती

तिचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. साठ सालच्या आसपास खापर गावी डोंगरातल्या आदिवासी मुलांसाठी वसतिगृह बांधत होते, तिथं मी ओव्हरसियर होतो. खोल्या झाल्या होत्या, मुलं राहायलाही आली होती. अंगणात सिमेंटचा कोबा घालायचा तेवढा राहिला होता.

एके सकाळी वर डोंगरातल्या काठी गावाकडची एक बाई आली आणि अंगणाच्या मधोमध पाय पसरून बसली. परीक्षेमुळे मुलांना होळीला घरी सोडणार नाहीत, हे तिच्या कानावर गेलं होतं.

"ऊठ! काम खोळंबलंय," वसतिगृहाचे अधीक्षक ओरडले.

तिनं कानामागची विडी काढली आणि न पेटवता परत खोचली. मग बसल्या जागेवर थाप मारून बाजारात उचललेल्या अहिराणीत म्हणाली, "पोरं आठे राहतीन, तं होळी बी आठेच."

आणि ती दोन्ही हातांनी माती उकरू लागली. होळीच्या बांबूचा खड्डा तिच्याकडे हातांनीच खणतात. मी पुढे केलेली पहार तिनं पायानं लांब ढकलली.

"नाव सांग तुझं, वर कळवतो!" अधीक्षक म्हणाले.

"मन्हं नाव कसाले? जागानं लिख. होळीनी जागा शे ही."

खड्डा पुरा करूनच ती गेली. तो बुजवून वर कोबा घालायचा हुकूम मला झाला. मी सगळ्या अंगणात कोबा घातला, पण मधे गाडीच्या चाकाएवढी माती मोकळी ठेवली.

"हे काय?" अधीक्षकांनी विचारलं.

"सिमेंट संपलं, साहेब," मी म्हणालो. सिमेंटच्या भरल्या गोणीवर बसलो होतो, तिथून उठलोसुद्धा नाही.