अक्काने न घेतलेल्या गोळ्या

श्रावणात आमच्याकडे घरोघरी बसणाऱ्या कानबाई देवीचं विसर्जन झालं त्याच दुपारी धुळ्याच्या दवाखान्यातून भाच्याचा फोन आला, ‘मावशी, आई गेली.’ मी इकडे जळगावात अक्काच्या ऑपरेशनला जायची बॅग भरत होते. चारच दिवस उरले होते. ‘गेली म्हणजे कुठे?’ असं मी खुळ्यासारखं विचारलं...

अक्का माझी थोरली बहीण, पारोळ्याची. दोन वर्षांपासून तिचे हात थरथरत, डोळे बाहेर आल्यासारखे दिसत, बसल्या जागी छाती धडधडे. डॉक्टर म्हणाले, शरीर स्वतःच्याच थायरॉइडच्या मागे लागलंय, ती ग्रंथी काढून टाकू. पण आधी गोळ्यांनी ती शांत व्हायला हवी, मध्येच सोडल्या तर जिवावर बेतेल. तेव्हापासून मी रोज सकाळी फोन करायचे, ‘गोळी घेतली का?’ ‘घेस ना वं माय, बठ्ठ्या घेस. तू काय मनी सासू शेस का?’ म्हणून ती हसायची. सगळ्या घेतेय म्हणून मला बरं वाटायचं. मूर्ख मी!

मी धुळ्याला पोहोचले तेव्हा दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, ‘थायरॉइड एकदम उसळला, गोळ्या कधीपासून बंद होत्या?’ मी तावातावाने म्हटलं, ‘बंद कशा असतील? रोज घेत होती.’ तेव्हा अक्काची सून खाली मान घालून म्हणाली, ‘तीन आठवडे झाले. ऑपरेशन सुखरूप व्हावं म्हणून आईंनी नवस बोलला होता. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू निवडायला घेतले की कानबाई जाईपर्यंत औषधाला हात लावायचा नाही.’ घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त मला नाही. ‘मावशी ओरडतील, सांगू नका म्हणाल्या.’ ओरडलेच असते! पारोळ्याला येऊन गोळी घशात कोंबली असती.

कानबाईवर माझा राग नाही. तिने कुठे गोळ्या सोड म्हटलं होतं? राग अक्कावर आहे. देवीला दिलेला शब्द तिने पाळला, आणि माझ्याशी रोज सकाळी हसत हसत खोटं बोलली.

दिवसकार्य झाल्यावर तिचं कपाट आवरताना बंद गळ्याचा नवाकोरा ब्लाउज निघाला. अक्का आणि बंद गळा? जीव गुदमरतो म्हणायची. सून म्हणाली, ‘गळ्यावरचे टाके दिसू नयेत म्हणून शिवून घेतला. दिवाळीला घालणार होत्या.’

म्हणजे तुला जगायचं होतं, अक्का... मग मला का नाही सांगितलंस गं?

ब्लाउज मी जळगावला आणलाय. त्याची हुकं अजून लावायची राहिली आहेत.