सर्वांसाठी सूर, फक्त हलू नका!

इंदूरमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत. डब्याच्या तळाशी शेवेचा चुरा साठतो, तसे आपोआप साठतात! आमच्या स्नेहलतागंजच्या वृंदगान मंडळात तर डबाच भरलाय.

वृंदगान शिकवायचं शिक्षण घेऊन मी एडिनबराहून परतले आणि या मंडळात शिकवू लागले. तिथल्या आमच्या वृंदात कुणी बसून गायचं, कुणी फेऱ्या मारत. वाटलं होतं, इथे ऑटिस्टिक मुलीला घ्या म्हटलं की भांडावं लागेल. छे! सगळे लगेच "हो" म्हणाले. तिथेच मी फसले.

*

मुलगी म्हणजे रेवती. वय चोवीस, आवाज खर्जातला, गाताना डुलते.

अध्यक्ष बापटकाका म्हणाले, "अपने यहाँ सबका स्वागत है भिया! फक्त तिला म्हणावं, हलू नको. लाइन बिघडते."

हे सांगताना काकांचा पाय जमिनीवर थडाथड आपटत होता.

"काका, तुमचा पाय?"

"तो ताल आहे!"

*

सेक्रेटरी विभाताई चहापाण्याचं बघतात. रेवतीसमोर उभं राहून त्यांनी तिच्या आईला विचारलं, "ही पोहे खाते का हो?"

"खाते," रेवती म्हणाली. "गार नाही खात. आणि मी इथेच आहे."

विभाताई आईकडेच बघत म्हणाल्या, "अगंबाई, बोलते की!"

*

हॉलमधल्या ट्यूबलाइटचा चोक घूंऽऽ करतो. रेवतीला तो सहन होत नाही, ती कान दाबून धरते. मी म्हटलं, ट्यूब बंद करू, बल्ब लावू.

काका वर बघून म्हणाले, "आम्हाला तर काही ऐकू येत नाही!"

सुरांचं मंडळ आहे हे! मग ट्यूबचा विचार करायला समिती नेमली. समितीच्या मीटिंगा त्याच ट्यूबखाली होतात.

*

मग 'न्यूरोडायव्हर्सिटी' या विषयावर लेक्चर ठेवलं. वक्ते आले, स्लाइड्स आल्या, कचोऱ्या आल्या. रेवती मात्र दिसेना.

"तिला नाही बोलावलं," विभाताई हळूच म्हणाल्या. "उगाच वाईट वाटेल ना बिचारीला!"

*

आता वार्षिक कार्यक्रम. बॅनरवर ठळक अक्षरांत 'सर्वांसाठी सूर'. फोटोत यावी म्हणून रेवती पहिल्या रांगेत, समोर स्वतंत्र माइक. महिनाभर ती या एका संध्याकाळसाठी घरी गात होती. तिच्या आईनं तर परदेशीपुऱ्यातली सगळी गल्ली आणली होती.

पहिलं गाणं संपलं. रेवतीनं माइकवर टकटक केलं, कान लावला. मग शांतपणे चालत बापटकाकांच्या माइकपाशी गेली.

"माझा माइक बंद आहे," ती म्हणाली. "चुकून की मुद्दाम?"

काका बॅनरकडे बघायला लागले.

तेवढ्यात निवेदन करणाऱ्या विभाताई लाडानं म्हणाल्या, "मुद्दाम गं बाळा! तू आपली निवांत गा!"

त्यांचा माइक चालू होता.

*

सकाळी ग्रुपवर काकांचा मेसेज होता, "कार्यक्रम एकदम सुपर! सर्वांचे अभिनंदन!" खाली टाळ्याच टाळ्या.

मी मंडळात गेले, माझी हार्मोनियम उचलून स्कूटीवर बांधली आणि रेवतीला फोन लावला.

"आजपासून आपण दुसरीकडे गायचं. येशील?"

"कुठे ताई?"

"तू सांग."



"कृष्णपुऱ्याच्या छत्रीवर, नदीकाठी उघड्यावर. तिथे ट्यूब नाही."