गाडीतला अभ्यास

मी एका माणसाचा अभ्यास नुसत्या थट्टेनं बंद पाडला, आणि ते बरीच वर्षं मला कुणाला सांगता आलं नाही.

नव्वदच्या दशकात आष्ट्याहून सांगलीला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत तो रोज माझ्या पुढच्या बाकावर बसायचा. चाळिशी उलटलेला, सांगलीत हळदीच्या दुकानी हमाल. पिवळी बोटं विजारीला पुसून मगच पुस्तक उघडायचा आणि ओठ हलवत वाचायचा. शाळा सातवीत सुटलेली. पण मुक्त विद्यापीठाची प्रवेश परीक्षा पास झाला, तर बारावी नसतानाही त्याला बी.ए.ला प्रवेश मिळणार होता.

"थोरली बारावीला हाय," तो एकदा म्हणाला होता. "म्हणती, आण्णा, दोघं संगंच कालेजात जाऊ."

मी कॉलेजात शिकवायचो. एके दिवशी गच्च भरलेल्या गाडीत मी मोठ्यानं म्हणालो, "काय पाव्हणं, बीए होऊन पोत्यांना लेक्चर देणार व्हय?"

सगळी गाडी हसली. तोही हसला आणि त्यानं पुस्तक पिशवीत ठेवलं. गाडीत ते पुन्हा कधी बाहेर आलं नाही.

परीक्षा होऊन गेल्यावर मी विचारलं.

"दिली न्हाई, सर. गाडीतच व्हायचा तेवढा अभ्यास."

माझी नजर त्याच्या पिशवीकडे गेली. तोच माझी समजूत घालत म्हणाला, "तुमचं काय न्हाई त्यात. मी बी हसलोच की."

"तुम्ही का हसलात, ते मला तेव्हाच कळलं होतं," मी म्हणालो. "माझं चुकलं."