लेखातली आमची मंडळी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी सांगलीच्या एका साप्ताहिकात विनोदी सदर लिहायचो आणि गावोगाव नकलांचे कार्यक्रम करायचो. सदरात बहुतेक वेळा माझी बायकोच असायची. ‘आमची मंडळी’ एवढंच मी तिला म्हणायचो. लेखातली मंडळी भांडकुदळ आणि वेंधळी होती. घरातली होती वाईची, मितभाषी आणि नेटकी. प्रत्येक लेख ती आधी ऐकायची आणि पदर तोंडाला लावून हसायची.

पुस्तक काढायचं ठरलं तेव्हा लेख तिनंच निवडले. तिची सगळ्यात जास्त टिंगल होती तो लेख तिनं पहिला ठेवला.

“लोकांना हाच आवडतो,” ती म्हणाली.

कागदाची टंचाई होती. छपाई लांबत गेली. अखेर मुद्रितं हातात आली त्याच पावसाळ्यात तिला विषमज्वर झाला. शुश्रूषेला घरचं माणूस असावं म्हणून तिला साताऱ्याला तिच्या भावाकडे नेलं, पण ताप उतरेना. मी उशाशी बसून मुद्रितं तपासायचो. एका दुपारी डोळे उघडून ती म्हणाली, “मोठ्यानं वाचा ना.” मी पहिला लेख वाचू लागलो. हसायची जागा आली तरी ती हसली नाही. डोळा लागला असेल, असं वाटून मी आवाज उतरवला आणि वाचतच राहिलो. त्यानंतर ती शुद्धीवर आलीच नाही.

पुस्तक निघालं. कुंडलला वाचनाला बोलावणं आलं, गेलो. पहिला लेख वाचला. लोक पोट धरून हसले. कार्यक्रमानंतर एक म्हातारा शेतकरी बायकोला घेऊन पुढं आला.

“आवं, आमच्या हिला तुमची मंडळी बघायची हाय. आणलं न्हाई व्हय?”

“ती गेली,” मी म्हणालो.

“म्हायेरी व्हय?”

म्हातारीनं त्याची बाही ओढली. मग तो समजला. डोक्याचं मुंडासं काढून हातात धरून उभा राहिला.

“आन् तुमी आमास्नी हसवत व्हता,” तो पुटपुटला.

म्हातारी माझ्याशेजारी सतरंजीवर बसली. “कशी हुती ती?” तिनं विचारलं.

तोवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगू लागलो. लेखात कधीच न आलेलं सगळं सांगितलं. मंडप रिकामा झाला तरी ती दोघं ऐकत बसली होती.

पुढं मी ते सदर बंद केलं.